कळफलकावरची वाट : कंट्रोल, आल्ट आणि टॅब यांचा इतिहास

१/ कॉपीसाठी ‘सी’, हे समजते. पण पेस्टसाठी ‘पी’ का नाही? अडकून पडलेला संगणक पुन्हा सुरू करायला तीन कळा आणि दोन हात का लागतात? आपली बोटे रोज ज्या वाटेने जातात, ती वाट एका माणसाने आखलेली नाही. ती तारयंत्रे, प्रयोगशाळा आणि प्रतिस्पर्धी कंपन्या यांच्यातून वळणे घेत आपल्यापर्यंत आली आहे. आजचा धागा कीबोर्ड शॉर्टकटच्या इतिहासावर. तो थोडा लांब आहे, कारण वरून केवळ सोयीच्या दिसणाऱ्या या गोष्टीवर पुढे कित्येकांची नोकरी अवलंबून राहिली.

२/ यांतील एक जुनी कळ म्हणजे कंट्रोल. तिचा जन्म संगणकाच्या पडद्यासमोर झालेला नाही. १९६३ मध्ये ‘आस्की’ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत ठरली आणि त्याच सुमारास टेलिटाइप मॉडेल ३३ हे खडखडणारे दूरमुद्रक यंत्र बाजारात आले. आस्कीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘सी’चा क्रमांक ६७. कंट्रोल दाबून ‘सी’ दाबले की त्यातून ६४ वजा होतात आणि उरतात ३. या ३ चा अर्थ ‘मजकूर संपला’. ‘जी’चे ७१, वजा ६४ म्हणजे ७. कंट्रोल-जी दाबले की तारेच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रातली खरीखुरी घंटा वाजे! दूरच्या यंत्राला ताब्यात ठेवणारी कळ, म्हणून ती ‘कंट्रोल’. नाव अगदी शब्दशः आहे.

३/ पुढे कागदाच्या जागी पडदा आला, तरी बाणांच्या कळा सगळीकडे नव्हत्या. १९७६ मध्ये बर्कली येथे बिल जॉय याने ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए नावाचे टर्मिनल होते. त्यावर बाणांची चित्रे एच, जे, के, एल या चार अक्षरांच्याच कळांवर छापलेली होती. ते टर्मिनल आता संग्रहालयात गेले. पण व्हीआयच्या वारसदारांत ती चार अक्षरे आजही कर्सर हलवतात आणि जीमेलमध्ये शॉर्टकट सुरू केलेत तर जे आणि के दाबून पत्रांच्या यादीत खालीवर जाता येते. वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी ते टर्मिनल कधी पाहिलेलेही नसते.

४/ १९७८ च्या ‘वर्डस्टार’ने दुसरी युक्ती केली. डाव्या हाताखालची ई, एस, डी, एक्स ही अक्षरे पाहा. त्यांचा एक चौकट-हिरा होतो. कंट्रोल धरून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. हात टंकलेखनाच्या जागेवरून हलवायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. गंमत अशी की वर्डस्टारमध्ये कंट्रोल-सी म्हणजे पुढचे पान, युनिक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबवा, आणि आपल्याकडे ते कॉपी. एकच कळजोडी, तीन घराणी.

५/ याच काळात कॅलिफोर्नियात दुसरा प्रवाह वाहत होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले आणि जगाने पहिल्यांदा माउस चालताना पाहिला. त्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा संच होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. पेटीवर सूर धरावेत तशा त्या पट्ट्या वेगवेगळ्या जोड्यांनी दाबायच्या. पाच पट्ट्यांतून एकतीस जोड्या होतात आणि त्यांतून अक्षरे व आज्ञा देता येतात. उजवा हात दाखवील, डावा हात सांगेल, अशी ती वाटणी होती. माउस जगभर गेला. पट्ट्यांचा संच शिकायला कठीण म्हणून मागे पडला. वाटणीची कल्पना मात्र टिकली, ती कशी ते पुढे येईलच.

६/ झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर नावाचा संशोधक होता. त्याला एका गोष्टीचा मनस्वी तिटकारा होता, ती म्हणजे ‘मोड’. एकच कळ एका अवस्थेत अक्षर उमटवते आणि दुसऱ्या अवस्थेत आज्ञा देते, हे त्याला अमान्य होते. तेथल्या ‘ब्राव्हो’ या संपादकातला अपघात प्रसिद्ध आहे. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर ई म्हणजे ‘सगळे निवडा’, डी म्हणजे ‘पुसा’, आय म्हणजे ‘आता लिहा’, आणि उरलेले ‘टी’ तेवढे कागदावर! सबंध मजकुराच्या जागी एकच अक्षर. टेस्लरने पुढे आपल्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ असे लिहून घेतले.

७/ १९७४-७५ च्या सुमारास टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा संपादक घडवला. तो पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेसाठी होता. तेथील संपादक मुद्रितातला परिच्छेद खरोखरच कात्रीने कापत आणि खळीने दुसरीकडे चिकटवत. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द तेथून आलेले आहेत. १९८० मध्ये टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेला आणि १९८३ च्या ‘लिसा’ संगणकासाठी कळा ठरल्या. ‘एक्स’ ही काट मारल्याची खूण. ‘सी’ कॉपीचे. ‘व्ही’ म्हणजे ओळीत राहिलेला शब्द घालण्यासाठी मुद्रितशोधक जी काकपदाची खूण करतो, तिचे उलटे रूप. आणि ‘झेड’ शेजारीच, म्हणून ते केलेले परत फिरवण्यासाठी. चारही कळा डाव्या हाताखाली, कारण उजव्या हातात माउस. एंगेलबार्ट यांची वाटणी अशी परत आली. म्हणून ‘शॉर्टकट म्हणजे माउसचे शत्रू’ हे मला पटत नाही; ही चौकडी तर माउसची जोडीदार म्हणूनच जन्मली.

८/ जानेवारी १९८४. मॅकिंटॉश बाजारात आला आणि त्याच्या कळफलकावर बाणांची एकही कळ नव्हती. ही चूक नव्हती. लोकांनी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी जुन्या सवयी सोडून माउसच वापरावा, असा स्टीव्ह जॉब्झ यांचा आग्रह होता. आपल्या मते योग्य असलेल्या वाटेवर लोकांनी यावे म्हणून दुसरी वाट खणून टाकण्याचा हा प्रकार. तो दोन वर्षे टिकला. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसच्या कळफलकावर बाण परतले.

९/ एक पोटकथा. त्याच मॅकवर शॉर्टकटच्या कळेला आधी सफरचंदाचे चिन्ह होते. मेनूत जिकडेतिकडे सफरचंदे दिसू लागल्यावर जॉब्झ वैतागले. सुझन केअर या चित्रकर्तीने चिन्हांच्या कोशातून एक आकृती उचलली : चारही कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असते. आपल्याकडच्या कोणाला ती ठिपक्यांच्या रांगोळीतली वाटली तर नवल नाही.

१०/ मग वेगवान काय, माउस की कळफलक? अ‍ॅपलचे ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिले की, आमच्या चाचण्यांत लोक कळफलक वेगवान असल्याचे सांगतात, पण घड्याळ माउसच्या बाजूने कौल देते. यावरून आजही वाद पेटतात. मला त्याआधीचे, १९८० चे एक काम अधिक उपयोगी वाटते. कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांनी संगणकावरच्या कामाचे तुकडे पाडून वेळा मोजल्या : हात माउसकडे नेण्यास सुमारे ०.४ सेकंद, नेमके बोट दाखवण्यास १.१ सेकंद, आणि ‘आता काय करायचे’ हे मनाशी जुळवण्यास १.३५ सेकंद. सर्वांत महाग आहे तो विचार. कळ आठवावी लागते तोवर शॉर्टकट महागच पडतो. बोटांना ती पाठ झाली की हा खर्च उरत नाही. तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, माणूस वेगळा एवढेच.

११/ आता फ्लोरिडातील बोका रॅटनकडे वळू. तेथे आयबीएमचा पीसी तयार होत होता; तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. प्रोग्राम तपासताना यंत्र सारखे अडकायचे आणि दर वेळी बंद करून चालू करण्यात वेळ जायचा. डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने एक कळजोडी बसवली. पहिला विचार कंट्रोल-आल्ट-एस्केप असा होता. पण ती एका हाताने चुकून दाबली जाण्याची भीती होती. म्हणून डिलीट निवडली, कळफलकाच्या दुसऱ्या टोकाची. दोन हात लागावेत हाच हेतू! ही सोय सहकाऱ्यांपुरती होती, पण ती जगभर पोहोचली. १९९३ च्या विंडोज एनटीने तर तिला प्रवेशद्वारावर बसवले, कारण हा संकेत थेट मूळ प्रणालीकडे जातो आणि पासवर्ड चोरणारी खोटी खिडकी तो मधल्या मध्ये अडवू शकत नाही.

१२/ पीसीवर मात्र बजबजपुरी होती. वर्डपरफेक्टमध्ये मदतीसाठी एफ-३, बाहेर पडायला एफ-७. लोटस १-२-३ मध्ये मेनूसाठी तिरकी रेघ. कळा लक्षात राहाव्यात म्हणून लोक कळफलकावर रंगीत पुठ्ठ्याची पट्टी बसवत. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेलेला कारकून पुन्हा पहिलीत बसे. (एक्सेलमध्ये नुसती तिरकी रेघ दाबून पाहा, मेनू जागा होतो, लोटसची माणसे आपल्याकडे वळावीत म्हणून ठेवलेली खूण.)

१३/ १९८७ मध्ये आयबीएमने ‘कॉमन यूजर अ‍ॅक्सेस’ हे नियम काढले. एफ-१ म्हणजे मदत, आल्ट-एफ-४ म्हणजे खिडकी बंद, टॅबने एका रकान्यातून पुढच्या रकान्यात, आल्ट धरून मेनूतले अधोरेखित अक्षर. बहुतेक लेखांत ही यादीच सांगितली जाते. मला त्यातले एकच कलम ऐतिहासिक वाटते : जे काम माउसने होते ते कळफलकानेही झाले पाहिजे. यामागे कोणताही उदात्त हेतू शोधायचे कारण नाही. आयबीएमची कित्येक गिऱ्हाइके माउस नसलेल्या टर्मिनलवर काम करीत होती. कॉपी-पेस्टसाठी आयबीएमने कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट ठरवले होते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये टेस्लरची चौकडी त्यांच्याशेजारी येऊन बसली. दोन्ही आजही चालतात. शिफ्ट-इन्सर्ट दाबून पाहा.

१४/ त्या कलमाची खरी किंमत नव्वदच्या दशकात कळली. डॉसच्या काळात अनेक अंध व्यक्ती संगणकावर नोकरी करीत होत्या. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी असत. प्रत्येक अक्षर स्मृतीत ठरावीक जागी सापडे आणि वाचक-प्रोग्राम ते बोलून दाखवी. विंडोजने पडदा अक्षरांऐवजी ठिपक्यांनी रंगवला आणि हे प्रोग्राम मुके झाले. कार्यालये विंडोजवर जाऊ लागली, तसे माणसांच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली. अमेरिकेत अंधांच्या संघटनांनी आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने मायक्रोसॉफ्टवर दबाव आणला. १९९७ मध्ये पडद्यावर काय आहे हे वाचक-प्रोग्रामना सांगणारी यंत्रणा विंडोजला जोडली गेली.

१५/ पण पडदा ऐकू येणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग. ऐकल्यावर हव्या त्या जागी जायचे कसे? माउसचा बाण दिसतच नाही. हे उत्तर मात्र आधीच हाताशी होते : टॅब, आल्ट, बाण, एंटर. टेड हेंटर यांची स्वतःची दृष्टी अपघातात गेली होती. त्यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा डॉसवरचा वाचक-प्रोग्राम १९९५ मध्ये विंडोजवर आला, तो याच वाटेवर उभा राहिला. १९८४ च्या मॅकसारखी ती वाट सगळीकडेच खणून टाकली असती, तर पडदा बोलूनही फारसा उपयोग नव्हता.

१६/ इतिहासाची एक खोच पाहा. जॉज किंवा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला मोफत ‘एनव्हीडीए’ वापरणारी व्यक्ती वेबपान वाचताना एच दाबून मथळ्यामागून मथळा, टी दाबून तक्ता, बी दाबून बटण गाठते. अर्ज भरताना तेच एच पुन्हा साधे अक्षर होते. म्हणजे टेस्लरने ज्याच्याशी आयुष्यभर भांडण केले, तो ‘मोड’ येथे परत आला. आणि जे पान डोळ्यांनी एका नजरेत पाहता येत नाही, तेथे तोच सर्वांत जलद ठरला.

१७/ मराठीचे काय? इन्स्क्रिप्ट या भारतीय प्रमाणित रचनेत डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने असा ढोबळ विभाग आहे. त्यात एक्सच्या जागी अनुस्वार, सीच्या जागी ‘म’ आणि व्हीच्या जागी ‘न’ येतो. तरी कंट्रोल धरून ‘म’ दाबला की विंडोजवर कॉपीच होते, ‘न’ दाबला की पेस्ट. अक्षरे बदलली, पण कंट्रोल दाबताच खालची रोमन कळ जागी होते.

१८/ ‘सर्व काही कळफलकाने करता आले पाहिजे’ हे आयबीएमचे कलम डिसेंबर २००८ मध्ये वेबच्या सुगम्यता-मार्गदर्शक तत्त्वांत नियम म्हणून आले. तो किती पाळला जातो हे तुम्हीच पाहा. माउस बाजूला ठेवा, रोजचे एखादे संकेतस्थळ उघडा आणि टॅब दाबत चला. प्रत्येक टप्प्यावर एक चौकट सरकताना दिसली पाहिजे. शिफ्ट-टॅबने ती मागे आली पाहिजे. एंटरने दुवा उघडला पाहिजे. ती चौकट ज्या जागी नाहीशी होते किंवा एका कोपऱ्यात अडकून बसते, ती जागा प्रतिसादात कळवा.