मोकळ्या मैदानाला हव्या होत्या भिंती

कबड्डीच्या सामन्याचा किंवा बैलगाडा शर्यतीचा निवेदक माइकवर नाव पुकारतो तेव्हा त्या नावाचे शेवटचे अक्षर दोन-तीनदा परतून येते. ऑर्केस्ट्राच्या गायकाचा लांबवलेला सूर मंडपाबाहेरही काही क्षण रेंगाळतो. साउंडवाल्याच्या मिक्सरवरचे ‘इको’चे बटण आता सर्वांच्या ओळखीचे आहे, आणि त्याच्याविषयीचे एक मतही तितकेच रूढ आहे. इको हा स्टुडिओतला चकवा, तो पुढे स्वस्त होऊन रस्त्यावर आला आणि कच्च्या आवाजाचे दोष झाकू लागला, असे ते मत. इतिहास तपासला तर ते टिकत नाही. आवाजाला इको देणारी पेटी आणि उचलून नेता येणारी ध्वनियंत्रणा ही एकमेकींच्या आधाराने वाढलेली साधने आहेत. मोकळ्या जागेत वाढवलेल्या आवाजाची एक खरी उणीव या पेटीने भरून काढली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिचा सर्वांत धाडसी वापर मैदानात आधी झाला आणि स्टुडिओने तो तिथून उचलला.

उणीव कोणती, ते आधी पाहू. बंदिस्त जागेत गायकाचा आवाज थेट कानावर येतो, आणि त्यामागोमाग भिंतींवरून, छतावरून, खांबांवरून परतलेले त्याचेच असंख्य अंश येतात. देवळाच्या दगडी गाभाऱ्यात एकट्या माणसाने लावलेला सूर भारदस्त वाटतो तो या परतीच्या आवाजामुळे. उघड्या मैदानात ही परती जवळजवळ नसते. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि एकदा पुढे गेलेला आवाज कशावर आदळून मागे फिरत नाही. अॅम्प्लिफायर लावला तर आवाज मोठा होतो, पण त्याचा कोरडेपणा तसाच राहतो, किंबहुना अधिक उघडा पडतो. ही अडचण माइकवाल्यांच्याही आधी एका ऑर्गनवाल्याला जाणवली होती. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचे विजेवरचे ऑर्गन १९३०च्या दशकात बाजारात आले. गालिचे आणि पडदे असलेल्या घरांत ते वाजू लागले तेव्हा चर्चच्या उंच कमानींखालचा घुमारा त्यात नव्हता. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगांचा उपयोग झाला. टेलिफोनच्या लांब तारांवरच्या विलंबाची नक्कल करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगा वापरल्या गेल्या होत्या. आवाजाची कंपने स्प्रिंगेच्या एका टोकाला द्यायची, ती तिच्यातून पुढेमागे धावतात, आणि दुसऱ्या टोकाला घुमारा मिळतो. जिथे इमारत नेता येत नाही तिथे तिचा परिणाम न्यायचा, ही या साधनांमागची मूळ कल्पना होती.

हीच कल्पना गाणाऱ्या आवाजासाठी टेपवर आली, आणि तिथे लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचे काम फार बोलके आहे. इटालियन गायक मारिनो मारिनी यांची चौकडी कार्यक्रमात टेपरेकॉर्डरांमधून टेपचा फेरा फिरवून आवाजाला प्रतिध्वनी देते, हे वॉटकिन्स यांच्या कानावर आले. मंचावर टेपरेकॉर्डर मांडत बसण्याऐवजी हे सारे एका पेटीत का बसवू नये, असा विचार करून त्यांनी १९५८ साली ‘कॉपीकॅट’ आणले. टेपचा एक बंद फेरा, आवाज नोंदवणारे एक हेड, आणि तो पुन्हा वाचणारी पुढे ओळीने लावलेली हेडे, एवढाच त्याचा पसारा. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने फिरत असेल आणि दोन हेडांत अडीच सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे तेरा शतांशांनंतर ऐकू येतो. तेवढ्या वेळात आवाज हवेत साधारण ४४ मीटर जातो. म्हणजे पेटीतल्या त्या अडीच सेंटिमीटरने गायकासमोर २२ मीटरवर एक भिंत उभी केली. पहिल्या गिऱ्हाइकांत जॉनी किड हा रॉक गायक होता. पुढे याच वॉटकिन्स यांनी मोठ्या मैदानी कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची यंत्रणा उभारली. १९६७ साली विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात त्यांची १००० वॉटची यंत्रणा लागली, आणि ब्रिटनमधल्या मैदानी मैफलींचे मापच बदलले. आवाज दूर नेणारे आणि आवाजाला घुमवणारे यंत्र एकाच कारखान्यातून निघाले, याला मी योगायोग मानत नाही. पहिला प्रश्न हाताळणाऱ्या माणसाला दुसरा टाळता येत नाही.

यावर इतिहास जाणणारे लगेच म्हणतील की इको स्टुडिओत याच्या कितीतरी आधी होता. हे खरे आहे. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत १९३१ पासून प्रतिध्वनीसाठी स्वतंत्र खोली होती. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांनी १९५४ साली तरुण एल्विस प्रेस्लीच्या आवाजाला टेपचा झटपट प्रतिध्वनी दिला, तो जगभर गाजला. पण स्टुडिओला इको का लागला, हेही विचारले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची खोली मुद्दाम आवाज शोषणारी केली जाते, म्हणजे मैदानाचा कोरडेपणा तिथे माणसाने स्वतः तयार केलेला असतो. उणीव तीच आणि उपायही तोच. फरक इतकाच की स्टुडिओला उपायासाठी एक अख्खी खोली बाजूला ठेवता येत होती. रोज नव्या जागी तार जोडणाऱ्याला ती सोय नव्हती, आणि पेटी लहान, दणकट, उचलता येण्याजोगी व्हावी ही निकड त्याची होती.

या निकडीचा सर्वांत समृद्ध इतिहास जमैकाच्या किंग्स्टन शहरात सापडतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या गरीब वस्त्यांत ‘साउंड सिस्टीम’ची प्रथा रुजली. वाद्यवृंद बोलावणे परवडत नसे, म्हणून अमेरिकन तबकड्या, एक ताकदवान अॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन लोक नाचाचे कार्यक्रम भरवत. टॉम वाँग हा सुरुवातीच्या बड्या मालकांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून आलेल्या हेडली जोन्स यांनी त्याला अॅम्प्लिफायर बांधून दिले. नंतर ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड यांच्या सिस्टीम एकमेकींशी चुरस करू लागल्या. हे नाच बहुतेक उघड्यावर, ‘लॉन’ म्हटल्या जाणाऱ्या आवारांत होत. पश्चिम किंग्स्टनचे चोकोमो लॉन हे त्यातले एक प्रसिद्ध ठिकाण. वर आकाश, भोवती कुंपण, आणि मधे जमिनीतून जाणवणारा खर्ज. तबकडीतल्या गाण्याला स्टुडिओतला घुमारा होताच. पण दोन तबकड्यांच्या मधे माइकवर बोलणाऱ्याचा, ज्याला तिथे ‘डीजे’ म्हणतात त्याचा, आवाज त्याच स्पीकरमधून उघडा आणि सपाट बाहेर पडे. गाण्याच्या शेजारी तो परका वाटणारच. काउंट मचूकी आणि किंग स्टिट या आरंभीच्या डीजेंनी ही दरी नुसत्या शब्दफेकीवर भरून काढली.

ती दरी यंत्राने बुजवणारा माणूस म्हणजे किंग टबी. खरे नाव ऑस्बर्न रुडॉक, जन्म १९४१. वॉटरहाउस भागात रेडिओ दुरुस्त करणे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे, दुसऱ्यांच्या सिस्टीमसाठी अॅम्प्लिफायर बांधणे हा त्यांचा व्यवसाय. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची ‘होमटाउन हाय-फाय’ उभी केली, आणि तिची ख्याती झाली ती प्रचंड आवाजामुळे नव्हे. खर्ज आणि वरचे सूर वेगवेगळ्या अॅम्प्लिफायरवर दिल्याने येणारी स्वच्छता, आणि माइकवरच्या आवाजाला जागच्या जागी मिळणारा इको व रिव्हर्ब म्हणजे घुमारा, ही तिची ओळख होती. माइकवर यू-रॉय असत, म्हणजे इवार्ट बेकफर्ड. १९६८च्या सुमारास गायकाचा आवाज गाळून छापलेल्या तबकड्या, ज्यांना ‘व्हर्जन’ म्हणत, नाचाच्या आवारांत लोकप्रिय झाल्या. आता यू-रॉय यांना गाण्याच्या आतच मोकळी जागा मिळाली. ते एक शब्द फेकत, टबी त्यावर इको सोडत, आणि तो शब्द तालावर विरत जाईपर्यंत यू-रॉय थांबत. १९७० साली ड्यूक रीड यांच्यासाठी त्यांनी केलेली तीन ध्वनिमुद्रणे जमैकाच्या लोकप्रियता यादीत एकाच वेळी पहिल्या तीन क्रमांकांवर होती.

इको कच्चेपणा झाकतो, या आक्षेपाला उत्तर इथेच आहे. लांबट घुमारा सुराची किरकोळ डगमग लपवतो हे मान्यच करायला हवे, हौशी कार्यक्रमांत ते रोज घडते. पण ठरावीक अंतराने परतणारा इको उलट वागतो. शब्द तालाच्या किंचित मागेपुढे पडला तर चूक एकदा ऐकू येऊन संपत नाही, ती तीन-चारदा ऐकू येते. अशा पेटीसमोर उभे राहणाऱ्याला लय पक्की लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इकोमुळे शब्द कळत नाहीत. माणसाच्या बोलण्यात सेकंदाच्या विसाव्या भागाहून उशिरा परतलेला आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो, आणि तो पुढच्या अक्षरावर चढतो. म्हणून स्थानकावरच्या घोषणेला किंवा सभेतल्या भाषणाला इको लावणे चूकच आहे, आणि आपल्याकडे ती चूक सर्रास होते. जमैकाच्या डीजेंनी मात्र पेटीप्रमाणे आपली बोली घडवली. वाक्ये आखूड झाली, आरोळी, हुंकार, यमक यांना महत्त्व आले, शब्दांमध्ये इकोसाठी जागा सोडली गेली. लांबलचक निवेदन त्यात बसलेच नसते. उपकरणाने बोलण्याचा घाट बदलला, आणि त्या घाटातून एक नवा काव्यप्रकार उभा राहिला.

आता क्रम पाहावा, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तोच आहे. टबींनी आवारातल्या माइकवर इको वापरला तो १९६०च्या दशकाच्या शेवटी. डायनॅमिक स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर त्यांनी घरातल्या छोट्या स्टुडिओत आणला तो १९७२च्या आसपास, आणि ‘डब’ म्हणून जगाला माहीत झालेली ध्वनिमुद्रणे त्यानंतर तिथे घडली. नाचाच्या आवारात हातांना लागलेली सवय त्यांनी मिक्सरवर नेली. गायकाचा एखादाच शब्द ठेवायचा, बाकी आवाज बंद करायचा, आणि तो शब्द इकोत सोडून द्यायचा. यावर कोणी म्हणेल की डबमधला इको कुठल्याच खऱ्या भिंतीसारखा नाही, तो दहा-दहादा परततो, वाढत जातो, चिरकतो. मग भिंतीची उणीव भरण्याची गोष्ट कुठे राहिली? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. उणिवेपोटी आलेले साधन हाताळता हाताळता लोकांना त्यातल्या अशा शक्यता सापडल्या, ज्या कुठल्याही इमारतीत नव्हत्या. गरज मागे पडली आणि शैली उरली. पण गरज नसती तर ती पेटी त्या आवारात आलीच नसती. रोलंड कंपनीचे ‘स्पेस इको’ आरई-२०१ १९७४ साली आले तेव्हा त्यात वाद्यासोबत माइक जोडण्याचीही सोय होती, आणि टेपच्या इकोबरोबर स्प्रिंगेचा रिव्हर्बही. माइकवरच्या आवाजासाठी असे यंत्र हवे आहे, हे तोवर उत्पादकांनाही उमगले होते.

अमेरिकेत शुअर कंपनीने याच्या काही वर्षे आधीच आवाज वाढवणे आणि घुमवणे या दोन्ही गोष्टी एका संचात घातल्या होत्या. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातला ‘व्होकल मास्टर’ हा सहा माइकांचा, १०० वॉटचा, उंच कॉलम स्पीकरचा संच गाडीत घालून नेता येई. त्यात रिव्हर्ब आतच बसवलेला होता, आणि शेजारी शिट्टी रोखणारी बटणे होती. ही शेजारी ठेवण्याची बाब मोलाची आहे. छोट्या संचात माइक आणि स्पीकर जवळ असतात. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो, आणि हे चक्र बेताबाहेर गेले की माइक शिट्टी मारतो. इको किंवा रिव्हर्ब वाढवला की त्या चक्राला आणखी खतपाणी मिळते, म्हणून कोरड्या आवाजावर शांत असलेला संच इको चढवताच किंचाळू लागतो. इकोचा परतावा वाढवण्याचे बटण आणि ही शिट्टी यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, बाहेर पडलेले पुन्हा आत घेण्याचे. टबी ते जाणूनबुजून काठावर नेत. बाकीच्यांना ते दूर ठेवावे लागते, आणि त्यासाठी माइक स्पीकरच्या मागे धरणे व इको लागेल तेवढाच ठेवणे हे उपाय आजही लागू आहेत.

किंग्स्टनची ही रीत स्थलांतराबरोबर गेली. किंग्स्टनला जन्मलेला आणि १९६७ साली न्यूयॉर्कला गेलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या सेजविक अॅव्हेन्यूवरच्या इमारतीत जो कार्यक्रम केला, त्यातून हिपहॉपची सुरुवात मोजतात. त्याच्या संचातला माइक इकोतून जाई. आपल्याकडचा मार्ग थोडा वेगळा दिसतो. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांना इको हवा होता तो मुख्यतः चित्रपटगीत तबकडीसारखे ऐकू यावे म्हणून. तिथे स्टुडिओची नक्कल हा हेतू होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण शर्यतीच्या माळावर निवेदक जेव्हा नावाचे शेवटचे अक्षर लांबवून थांबतो आणि इकोला बोलू देतो, तेव्हा तो कुठल्याही तबकडीची नक्कल करत नसतो. माळाच्या कोरडेपणावरचा उपाय त्याला स्वतःहून सापडलेला असतो.

१९८०च्या दशकात डिजिटल चिप स्वस्त झाली, आणि टेप, हेड, स्प्रिंग हे सारे एका छोट्या पेटीत मावले. अमेरिकेत १९८६ साली निघालेला अॅलेसिस कंपनीचा ‘मिडीव्हर्ब’ चारशे डॉलरच्या आत मिळू लागला. आज छोट्या मिक्सरमध्येच असा विभाग असतो, आणि गायकांसाठीच्या पेट्या पायाशी ठेवता येतात. त्यातली फार महत्त्वाची सोय म्हणजे इको बंद-चालू करणारे पायाचे बटण. गाणे संपले की ते दाबायचे, पुढच्या गाण्याची माहिती कोरड्या, स्पष्ट आवाजात सांगायची, आणि सूर लावताना पुन्हा दाबायचे. बोलणे आणि पुकारणे यांतला जो फरक किंग्स्टनच्या डीजेंना वाक्ये तोडून साधावा लागला, तो आता पायाच्या अंगठ्याखाली आहे. आपल्या किती मंडपांत ते बटण वापरले जाते, हे ऐकणाऱ्यांनी साउंडवाल्याला विचारायला हवे.