'अनुसूचित जाती' शोधून 1925 चे सोलापूर सापडत नाही

वसतिगृहाचे अनुदान, शिष्यवृत्ती, विमुक्तांच्या घरजागा, यांतला कोणताही प्रश्न घेऊन आपण गेलो की साहेबांचे उत्तर ठरलेले असते: पुरावे आणा. मग आपली पोरं संगणकावर बसतात, शोधगंगा किंवा जेस्टोर उघडतात, 'शेड्यूल्ड कास्ट' आणि 'सोलापूर' असे दोन शब्द टाकतात. अलीकडचे काही प्रबंध समोर येतात. पोरं म्हणतात, त्याआधीचे काही नाहीच.

आमचे म्हणणे आहे की आहे, भरपूर आहे. फक्त ते ज्या नावाखाली ठेवले आहे, ते नाव आपले नाही.

'शेड्यूल्ड कास्ट' हा शब्द कायद्यात आला 1935 च्या भारत सरकार कायद्याने, यादी निघाली 1936 मध्ये. त्याआधीच्या सरकारी कागदांत आपण 'डिप्रेस्ड क्लासेस' आहोत, कुठे 'अनटचेबल्स', कुठे सरसकट 'बॅकवर्ड'. गावाचे स्पेलिंगही वेगळे. इंग्रज 'शोलापूर' लिहीत, 'एस' नंतर 'एच'. ते एक अक्षर सुटले की अर्धा इतिहास हातचा जातो. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. आजच्या वसतिगृहाच्या मागणीला शंभर वर्षांचा आधार आहे, पण तो आजच्या शब्दांनी शोधून मिळत नाही.

विमुक्तांचे तर याहून वाईट. सोलापुरात आजही 'सेटलमेंट' म्हटले की रिक्षावाला बरोबर नेतो. ती वसाहत 'क्रिमिनल ट्राइब्ज' कायद्याखालची. कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची माणसे तिथे तारांच्या कुंपणात राहिली, हजेरी देत राहिली, आणि सोलापूरच्या गिरण्यांत राबली. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशात 31 ऑगस्ट 1952 रोजी. 'डीनोटिफाइड' हा शब्दच त्यानंतरचा. त्याआधीचे सगळे त्या कायद्याच्या अंमलबजावणीच्या वार्षिक अहवालांत, म्हणजे पोलीस आणि तुरुंगांच्या कप्प्यात आहे. कामगार म्हणून शोधले तर ही माणसे क्वचितच सापडतील. गुन्हेगार म्हणून शोधले तर पानोपानी. हे संतापजनक आहेच. पण शोधणाऱ्याने ते शब्द टाकलेच पाहिजेत.

मिळालेला कागद कोणी लिहिला, हेही बघायचे. 1928 च्या स्टार्ट कमिटीचे उदाहरण घ्या. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने ती नेमली, 1930 मध्ये तिचा अहवाल आला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. (चाळीसगावचा टांग्याचा अपघात याच कामाच्या दौऱ्यातला, 1929 सालचा.) मागासवर्गाचे तीन भाग करण्याची सूचना याच अहवालात आहे: डिप्रेस्ड क्लासेस, आदिवासी आणि इतर मागास. आणि अध्यक्ष स्टार्ट कोण? याच गुन्हेगार वसाहतींचे खाते सांभाळणारा अधिकारी. वसाहतींबद्दल तो जे सांगेल ते तसेच उचलून चालणार नाही.

आकडे सरकारचेच घ्यायचे, निष्कर्ष मात्र आपला काढायचा, ही रीत बाबासाहेबांची आहे. 29 मे 1928 रोजी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनपुढे शिक्षणाचे निवेदन ठेवले. शिक्षणखात्याच्या वर्गवारीवरूनच त्यांनी दाखवले की मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा आणि शिक्षणात चौथा, म्हणजे शेवटचा. सरकारला स्वतःचे आकडे नाकारता येत नाहीत. हे निवेदन राज्य शासनाने छापलेल्या इंग्रजी खंडांपैकी दुसऱ्या खंडात आहे. एम.ए. करणाऱ्या किती जणांनी ते वाचले आहे?

जेस्टोरवर बरेच लेख पैसे मागतात. महाविद्यालयाकडे वर्गणी नसेल तर तिथे अडून बसू नका. शोधगंगा फुकट आहे. तिथला प्रबंध मिळाला की आधी त्याची संदर्भसूची वाचा, जुन्या अहवालांची नेमकी नावे तिथेच असतात. ती नावे घेऊन पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघा. गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यासही गोखले इन्स्टिट्यूटनेच 1965 मध्ये छापला. तिथून पुढे सोलापूरच्याच बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाच्या 2008 च्या अहवालापर्यंत या.

छायाप्रत काढाल तेव्हा अहवालाचे पूर्ण नाव, साल आणि पान क्रमांक वरच लिहा. निवेदनाला ती जोडा आणि पोच घ्या.