पियानो नव्हे, पायपेटी

ग्रँड पियानो निवडताना पहिला प्रश्न लांबीचा असतो. सुमारे 5 फुटांच्या ‘बेबी ग्रँड’पासून 9 फुटांच्या मैफिलीच्या पियानोपर्यंत, तार जितकी लांब, तितका खर्ज भरदार. मग थाटामाटाची हौस असलेल्या मराठी संगीत रंगभूमीने हे वाद्य का स्वीकारले नाही?

उत्तराचा एक भाग रेवदंड्याच्या हवेत आहे. (1740 मध्ये पोर्तुगीजांनी इथला कोट सोडला, तेव्हा क्रिस्तोफोरीचा पियानो जेमतेम 40 वर्षांचा होता, त्याला या भग्न भिंतींत शोधू नये.) खाऱ्या, दमट वाऱ्याने लाकूड फुगते, तारांचा ताण बदलतो आणि सूर ढळतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळीला हे कसे परवडावे?

माझ्या मते मात्र खरे कारण आकाराचे नसून गायनशैलीचे आहे. पियानोचा स्वर आघातानंतर विरत जातो. नाट्यपदाच्या आलापीला टिकून राहणारा स्वर हवा. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत मान मिळाला तो पायपेटीला, म्हणजेच ऑर्गनला. पाय भाता चालवतात, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि हवा मिळेल तोवर पितळी रीड गात राहते. मींड मात्र तिलाही जमत नाही. ती उणीव साथीच्या सारंगीने भरून काढली.