पाइनची शिडी आणि पुराव्याची तारीख



पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो : 'रिसर्च मेथडॉलॉजी पाठ करून काय उपयोग? निरीक्षण आधी, हायपोथेसिस आधी, हा क्रम एवढा महत्त्वाचा का?' याचं उत्तर मला एका जुन्या खटल्यात सापडतं. खटला अमेरिकेतला आहे आणि त्यातला मुख्य साक्षीदार म्हणजे पाइनचं लाकूड. माझा विषय लाकूड नाही, पण पुरावा कसा उभा राहतो हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काय घडलं होतं

1 मार्च 1932 च्या रात्री न्यू जर्सीतल्या होपवेलजवळच्या घरातून वीस महिन्यांचं एक बाळ पळवलं गेलं. बाळाचे वडील म्हणजे चार्ल्स लिंडबर्ग, 1927 साली एकट्यानं न थांबता अटलांटिक पार करणारा वैमानिक. त्यामुळे सगळा देश हादरला. 50 हजार डॉलर खंडणी दिली गेली, पण 12 मे रोजी बाळाचा मृतदेहच सापडला.

घरापासून थोड्या अंतरावर गुन्हेगार एक शिडी टाकून गेले होते. तीन तुकड्यांची, घरी बनवलेली, तशी ओबडधोबड. पोलिसांनी तिच्यावर ठसे शोधले, हाती फारसं काही लागलं नाही. मग ती पोहोचली आर्थर कोहलर या माणसाकडे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत तो लाकडाचा तज्ज्ञ होता. लाकडाचे गुणधर्म आणि उपयोग यांवर त्याचं पुस्तक 1924 सालीच आलेलं होतं. 1933 च्या सुरुवातीला त्याच्यापुढे अख्खी शिडी ठेवली गेली. त्यानं ती सुटी केली, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि मोजमाप सुरू केलं.

तेव्हा कोणीही संशयित नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'पाइन' म्हणजे नेमकं कोणतं?

आपल्याकडे पाइन बहुतेकांना माहीत असतं ते पॅकिंगच्या खोक्यांचं फिकट, हलकं लाकूड म्हणून. पण पाइन हे एका झाडाचं नाव नाही, त्यात शंभराहून जास्त जाती येतात. कोहलरनं लाकडाचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिले. पायऱ्या बहुतेक पाँडेरोसा पाइनच्या निघाल्या. बाजूच्या दांड्यांपैकी काही 'सदर्न यलो पाइन'चे आणि काही डग्लस फरचे होते. तुकडे जोडणाऱ्या खुंट्या बर्चच्या होत्या.

ओळख कशी पटते? पाइनच्या लाकडात राळेच्या बारीक नळ्या असतात. दरवर्षी वसंतात वाढलेला भाग फिका आणि मऊ असतो, उन्हाळ्याच्या अखेरीचा भाग गडद आणि कठीण. सदर्न यलो पाइनमध्ये हा बदल एकदम होतो, त्यामुळे फळीवर ठळक पट्टे दिसतात. पाँडेरोसात पट्टे त्यामानानं सौम्य असतात. वजनातही फरक आहे. पाँडेरोसाचं विशिष्ट गुरुत्व साधारण 0.40 भरतं. सदर्न यलो पाइनमधल्या लॉबलॉली जातीचं 0.51 आणि लाँगलीफचं 0.59.

सुताराच्या भाषेत सांगायचं तर पाँडेरोसा रंध्याखाली लोण्यासारखं चालतं, म्हणून दारंखिडक्यांच्या चौकटींना आवडीनं वापरतात. सदर्न यलो पाइन मजबूत असतं, खिळा घट्ट धरतं, म्हणून ते घराचा सांगाडा, वासे, जमिनीच्या फळ्या यांना जातं. पण त्याचे कठीण पट्टे हत्याराची परीक्षा बघतात.

इथेच पहिली मर्यादा येते. सदर्न यलो पाइन हे एका जातीचं नाव नसून लॉबलॉली, लाँगलीफ, शॉर्टलीफ, स्लॅश अशा गटाचं व्यापारी नाव आहे, आणि नुसत्या लाकडाच्या रचनेवरून या जाती एकमेकींपासून खात्रीनं वेगळ्या करता येत नाहीत. शिवाय असं लाकूड लाखो घरांत होतं. म्हणजे मायक्रोस्कोपनं गट सांगितला, माणूस सांगितला नाही.

रंध्याच्या खुणा

मग कोहलरनं झाड सोडलं आणि यंत्राकडे बघायला सुरुवात केली. सॉ मिलमध्ये फळी प्लेनरमधून, म्हणजे रंधा मशीनमधून जाते. फिरत्या रुळावर पाती बसवलेली असतात. प्रत्येक पातं फळीवर एक उथळ लाट सोडून जातं. डोळ्यांना फळी गुळगुळीत वाटते, पण तिरपा प्रकाश टाकला की लाटा दिसतात.

आता समजा, एका पात्याला बारीक खाच पडली आहे. रुळाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या पात्याची खूण एकदाच उमटणार. दोन सारख्या खुणांमध्ये किती लाटा आहेत हे मोजलं की पाती किती ते कळतं. त्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एका फेऱ्यात फळी किती पुढे सरकली ते. खालच्या तुकड्याच्या दोन दांड्यांवर कोहलरला दिसलं, की मोठ्या बाजू आठ पात्यांच्या रुळानं रंधल्या आहेत आणि कडा सहा पात्यांच्या रुळानं. फळी किती वेगानं सरकत होती तेही निघालं. कधीही न पाहिलेल्या यंत्राचं वर्णन त्यानं फळीवरून लिहून काढलं.

1598 पत्रं

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणजे खऱ्या रिसर्चसारखंच. असं लाकूड जिथून येऊ शकतं त्या पट्ट्यातल्या 1598 मिल्सना पत्रं गेली : तुमच्याकडे अशी पाती असलेला प्लेनर आहे का? 25 ठिकाणी तसं यंत्र निघालं. दोन मिल्स त्या मापाची फळी काढतच नव्हत्या, त्या गळल्या. उरलेल्या 23 ठिकाणांहून नमुने मागवले. साउथ कॅरोलायनातल्या मॅककॉर्मिक गावच्या डॉर्न मिलचे नमुने जुळले. त्या मिलनं सप्टेंबर 1929 मध्ये यंत्राची पुली बदलली होती आणि शिडीवरचा वेग नव्या पुलीशी जुळत होता. म्हणजे या फळ्या त्या महिन्यानंतरच्या.

मग त्या मिलमधून उत्तरेकडे गेलेल्या चाळीसहून जास्त वाघिणींचा माग काढत फिरायचं. कुठे फळ्या संपलेल्या, कुठे खुणा वेगळ्या. 1933 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका लाकडाच्या वखारीत धागा जुळला. तो माल कधीच विकला गेला होता, पण त्यातल्या काही फळ्यांचे वखारीनं स्वतःसाठी कप्पे बनवले होते आणि त्यांवर तीच खाच होती!

आणि इथेच रस्ता संपला. वखारीत व्यवहार रोखीचा होता, गिऱ्हाइकांची नोंद नव्हती.

सोळा नंबरचा दांडा

एक दांडा मात्र वेगळा होता, नंबर 16. तोही सदर्न यलो पाइनचा, पण गाठीदार, हलक्या प्रतीचा. त्याच्या दोन्ही कडा हातरंध्यानं तासून त्याची रुंदी कमी केलेली होती. त्यावर जुन्या चौकोनी खिळ्यांची चार भोकं होती आणि शिडीच्या जोडणीत त्या भोकांचं काही काम नव्हतं. भोकांभोवती गंजाचा डाग नव्हता, लाकूड उन्हापावसानं काळवंडलेलं नव्हतं. कोहलरनं 1933 च्या अहवालातच लिहून ठेवलं, की ही फळी आधी एखाद्या आतल्या, कोरड्या जागी ठोकलेली असणार : माळा, गॅरेज किंवा तसंच काहीतरी.

सप्टेंबर 1934 मध्ये पोलिसांना माणूस सापडला, तो लाकडावरून नाही, नोटेवरून. खंडणीच्या नोटांचे नंबर नोंदवलेले होते. मॅनहॅटनमधल्या पेट्रोलपंपावर त्यातली एक नोट आली आणि तिथल्या कामगारानं गाडीचा नंबर नोटेवर लिहून ठेवला. 19 सप्टेंबरला ब्रूनो रिचर्ड हाउप्टमन या जर्मन सुताराला अटक झाली. त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीचे सुमारे 14 हजार डॉलर मिळाले. कोहलर ज्या वखारीपाशी थांबला होता, तिथे या माणसानं पूर्वी काम केलेलं होतं.

आठवड्याभरात त्याच्या माळ्यावर एका फळीचा तुकडा कमी असल्याचं दिसलं. सोळा नंबरचा दांडा तिथे ठेवला, तेव्हा चार भोकं खालच्या वाशांतल्या चार भोकांवर बसली. अंतर, कोन, सगळं. दांडा आणि उरलेली फळी यांच्यामध्ये इंच-सव्वा इंचाचा तुकडा गायब होता, तरी दोन्ही टोकांची वाढीची वलयं एकाच झाडाची, एकाच फळीची असावीत अशी पुढे जात होती.

जानेवारी 1935 मध्ये फ्लेमिंग्टनच्या कोर्टात कोहलर उभा राहिला. बचाव पक्षाचं म्हणणं, 'लाकडाचा तज्ज्ञ' असा काही प्रकारच नसतो. न्यायाधीशांनी साक्ष मान्य केली. कोहलरनं न्यायाधीशांच्या टेबलाला शिकंजा लावला, आरोपीच्या रंध्यानं एक फळी तासली आणि उमटलेल्या खुणा शिडीवरच्या खुणांशेजारी ठेवून ज्यूरीला दाखवल्या. 13 फेब्रुवारीला आरोपी दोषी ठरला. 3 एप्रिल 1936 ला त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. शेवटपर्यंत तो आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला.

पुरावा किती बोलतो?

या खटल्यावर वाद आजही चालू आहे. 1976 मध्ये अँथनी स्कॅडुटो आणि 1985 मध्ये लुडोविक केनेडी यांनी पुस्तकं लिहून हा माणूस बळीचा बकरा होता असं मांडलं. त्यांचा आक्षेप गंभीर आहे : पोलिसांनी माळा आधी अनेकदा तपासला होता, तेव्हा ही फळी का दिसली नाही? पुरावा तयार तर केला नाही ना? खटल्यातही बचाव पक्षाच्या एका तज्ज्ञानं सांगितलं होतं, की त्याला त्या दांड्यावर एकच भोक दिसलं होतं.

एका माणसाचा जीव यावर गेलाय, तेव्हा हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण उत्तर शोधायचं कुठे? माझ्या मते, तारखांमध्ये. प्रत्येक पुराव्यापुढे एकच प्रश्न लिहा : हे निरीक्षण संशयित सापडायच्या आधीचं की नंतरचं?

चार भोकांची नोंद आधीची आहे. फळी आतल्या जागेतली असणार हा अंदाजही आधीचा. वखारीपर्यंतचा माग दहा महिने आधीचा. हे कोणी हाउप्टमनकडे बघून जुळवलेलं नाही, जुळवणं शक्यच नव्हतं. माळ्यावरची फळी आणि वलयांची जुळणी मात्र नंतरची आहे. तिथे बघणाऱ्याला काय हवंय हे माहीत होतं, म्हणून तिची तपासणी जास्त कडक हवी. आधी लिहिलेली भोकं हीच त्या तपासणीची फूटपट्टी ठरते.

वखारीचा पुरावा आधीचा असला तरी कमजोर आहे, कारण तिथून असंख्य लोकांनी लाकूड नेलं असेल. 'विसंगत नाही' एवढंच तो सांगतो. दांड्याचा पुरावा बराच मजबूत आहे. पण तोही एवढंच सांगतो, की या माळ्यावरची फळी या शिडीत आहे. शिडीवर त्या रात्री कोण चढलं, एकटा की आणखी कोणी सोबत, यावर पाइन गप्प आहे. पुढचं सगळं ज्यूरीनं इतर पुराव्यांवरून जोडलं. लाकडाच्या पुराव्यावर विश्वास ठेवूनही निकालाबद्दल शंका घेता येते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं हेच संशोधकाचं काम.

तुमच्यासाठी

म्हणून लॅबची वही तारखेसह लिहा. जे दिसलं ते आज लिहा, त्याचा अर्थ लागायच्या आधी. सोळा नंबरच्या दांड्यावरची भोकं 1933 मध्ये कोणालाच उपयोगाची नव्हती, तरी कोहलरनं ती नोंदवली. आणि मुलाखतीत कोणी विचारलं, 'तुमच्या डेटावरून काय सिद्ध होतं?', तर उत्तर देताना काय सिद्ध होत नाही हेही सांगा. समोरचे गाइड त्यावरच तुम्हाला ओळखतात.

पुढच्या लेखात कंट्रोल सॅम्पलबद्दल बोलू. तोपर्यंत पॅकिंगच्या खोक्याची एखादी रंधलेली फळी मिळाली, तर तिच्यावर तिरपा टॉर्च मारून बघा. लाटा मोजता येतात.