छाट विडीने मिळवून दिलेला पीएफ

आजचा विषय पीएफ. थांबा, लगेच स्किप करू नका. गोष्ट सोलापूरच्या घराघरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची आहे. फक्त सुरुवात अमेरिकेतल्या आगीच्या बंबापासून करतो.

अमेरिकेत गावोगावी आग विझवणारे बरेचसे लोक स्वयंसेवक असतात. कुणाचं दुकान, कुणाची शेती. कॉल आला की धावायचं. पगार नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून पेन्शनही नाही. मग माणसं टिकणार कशी? त्यावर तिथल्या काही राज्यांनी एक तोडगा काढला. वर्षभरात किती आगींना गेलात, किती ट्रेनिंग केलं, याचे पॉइंट मोजायचे. न्यूयॉर्क राज्यात 50 पॉइंट भरले की ते वर्ष सेवेत धरतात. काही योजनांमध्ये त्या वर्षापोटी ठराविक रक्कम त्या माणसाच्या नावच्या खात्यात पडते. याला म्हणतात परिभाषित अंशदान. आत किती टाकायचं ते ठरलेलं असतं, म्हातारपणी हातात किती येईल ते मात्र खात्यात जे साठेल त्यावर.

म्हणजे कागदोपत्री नोकर नसलेल्या माणसालाही खातं मिळू शकतं. आपल्याकडे हाच प्रश्न जास्त वाईट रूपात आला. इथे बायका मजुरीवर काम करत होत्या आणि मालक म्हणत होते, या आमच्या कामगारच नाहीत.

1952 साली पीएफचा कायदा आला तेव्हा तो फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. नीट बघा, सिगारेट आहे, विडी नाही. तंबाखू तोच! सोलापूर तर गिरण्यांचं गाव. म्हणजे नवरा गिरणीत असेल तर त्याला पीएफ, आणि त्याच घरात विड्या वळणाऱ्या बायकोला काही नाही. विडी उद्योगाला पीएफ लागू व्हायला 1977 उजाडलं. पंचवीस वर्षं! मला तरी हा योगायोग वाटत नाही. गिरणीला गेट असतं, हजेरी असते, भोंगा असतो. विडीचं काम कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, घरी वळायचं, आणि मोजून परत द्यायचं. मजुरी हजार विड्यांवर.

लागू झालं म्हणून विषय संपला नाही. विडी उत्पादक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधारण असं: ही बाई तिच्या घरी काम करते, कधी बसते कधी उठते आम्हाला माहीत नाही, आमचा मुकादम तिथे नसतो, मग ती आमची कामगार कशी? त्यात मध्ये ठेकेदार असला तर आणखीच सोपं, ती ठेकेदाराची.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टात 1985 मध्ये निकाली निघालं. पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार हे त्याचं नाव. निकालातला मला सगळ्यात आवडलेला मुद्दा म्हणजे छाट. विड्या परत दिल्या की त्यातल्या बारीक, सैल, वाकड्या विड्या नापास करून बाजूला काढतात. कोर्टाने म्हटलं की माल नापास करण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणजे कामावर तुमचं नियंत्रण आहे. त्यासाठी तिच्या डोक्यावर उभं राहायची गरज नाही. शिवाय कायद्यात आस्थापनेच्या कामाशी संबंधित काम करणाराही येतो, मग ते घरी का असेना. ज्या छाटीमुळे बाईची मजुरी बुडायची, तीच तिच्या बाजूचा पुरावा ठरली.

आम्ही आयटीवाले घरून काम करतो, रिव्ह्यूमध्ये कोड रिजेक्ट होतो, तरी आम्ही कंपनीचे कर्मचारी आहोत का असं कुणी विचारत नाही. या बायकांना ते कोर्टाकडून वदवून घ्यावं लागलं.

आता खात्याच्या आत डोकावू, कारण खरी गंमत तिथे आहे. बहुतेक उद्योगांत पीएफ 12 टक्के कापतात, विडीत 10 टक्के. समजा महिन्याची मजुरी 4,000 रुपये धरली. बाईचे 400, मालकाचे 400. पण मालकाच्या 10 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, म्हणजे 333 रुपये. तिच्या पीएफ खात्यात मालकाकडून उरतात 67. ही पेन्शन योजना नोव्हेंबर 1995 मध्ये आली. त्याआधी मालकाचा जवळजवळ सगळा वाटा खात्यातच जायचा.

पेन्शनचा भाग परिभाषित अंशदान नाही, तिथे सूत्र आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. त्याच 4,000 वर 15 वर्षं धरली तर 857 रुपये महिना. सप्टेंबर 2014 पासून किमान 1,000 ची हमी आली म्हणून ते हजार होतात. हजार रुपयांत आज महिन्याचं काय येतं ते तुम्हीच बघा. मजुरी हजार विड्यांवर आणि पीएफ मजुरीवर, त्यामुळे पान कमी मिळालेला प्रत्येक आठवडा म्हातारपणातूनही कापला जातो.

यातही 10 वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शन नाहीच, सेवा आणि मजुरीच्या हिशोबाने एकरकमी पैसे मिळतात. म्हणून तुमच्या घरी आई, आजी, मावशी कुणी विड्या वळत असेल, तर तिचा यूएएन नंबर शोधा. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळते का ते बघा. मग पासबुक उघडा. त्यात तीन रकाने दिसतील: तिचा वाटा, मालकाचा वाटा, आणि पेन्शनकडे गेलेले पैसे. मधला रकाना बारीक दिसला तर घाबरू नका, तो 1.67 टक्क्यांचाच असतो. पण एखाद्या महिन्याची ओळच गायब असेल, तर मजुरीच्या नोंदीचं कार्ड घेऊन पीएफ ऑफिस गाठा.