मूळ पाठाचा आग्रह : ‘ट्रेस ओंब्रेस’ आणि तिचा श्रोतृवर्ग

ग्रंथाचा इतिहास लिहिताना हस्तलिखिते, आवृत्त्या, पाठभेद ही साधने अभ्यासकाच्या हाताशी असतात. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र ती एकदा निघाली की कायमची एकरूप राहिली, असे आपण फारसा विचार न करता गृहीत धरतो. हे गृहीत किती भ्रामक आहे याचे एक बोलके उदाहरण म्हणजे टेक्ससमधील ‘झीझी टॉप’ या वाद्यवृंदाची ‘ट्रेस ओंब्रेस’ ही 1973 सालची ध्वनिमुद्रिका होय. तिच्यावर श्रोत्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रेम केले आहे. हे प्रेम म्हणजे निव्वळ तारुण्यातील आठवणींचा उमाळा, असे म्हणून ते निकालात काढण्याकडे टीकाकारांचा कल असतो. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. हे प्रेम एका विशिष्ट पाठावरील निष्ठा आहे आणि तो पाठ प्रसिद्ध करणाऱ्यांनीच बदलला तेव्हाही ती ढळली नाही, असे दाखविता येते.

ह्यूस्टन शहरी 1969 मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाची घडी 1970 मध्ये बसली. बिली गिबन्स गिटार वाजवी व गाई, डस्टी हिल बास गिटार वाजवी व गाई, आणि फ्रँक बिअर्ड ड्रम वाजवी. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या छातीपर्यंतच्या दाढ्या त्या वेळी नव्हत्या. ‘ट्रेस ओंब्रेस’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘तीन पुरुष’ असा आहे. वेष्टन उलगडले की आत टेक्सस-मेक्सिको सरहद्दीवरील धाटणीच्या पक्वान्नांनी ओसंडणाऱ्या ताटाचे रंगीत छायाचित्र दिसे. आपण कोठले आहोत हे सांगण्याची ही त्यांची रीत. आधीची ध्वनिमुद्रिका विक्रीच्या राष्ट्रीय कोष्टकात 104 व्या स्थानापुढे गेली नव्हती. 26 जुलै 1973 रोजी निघालेली ही तिसरी मात्र आठव्या स्थानापर्यंत पोहोचली.

या संगीताचा प्राण ठेक्यात आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पून पहिल्या व तिसऱ्या भागावर आघात करावयाचा आणि मधला रिकामा सोडावयाचा, म्हणजे ‘शफल’ नावाची झुलती चाल उत्पन्न होते. बूगी हा या चालीचाच वंशज. तो प्रथम पियानोवर वाढला आणि नंतर गिटारवर आला. या ध्वनिमुद्रिकेत वाद्ये मोजकी आहेत आणि त्यांच्यामधील मोकळी जागा स्पष्ट ऐकू येते. ड्रमचा आवाज कोरडा व जवळचा आहे, जणू वादक आपल्याच खोलीत बसला आहे. पहिल्या बाजूवरची आरंभीची दोन गीते तर मध्ये श्वासही न घेता एकमेकांस जोडलेली आहेत. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी ती जोडीनेच वाजविण्याचा प्रघात पाडला, आणि श्रोत्यांच्या कानी ती एकच रचना होऊन बसली.

पुढे जे घडले ते समजण्यास थोडी तांत्रिक माहिती आवश्यक आहे. अशा ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य चुंबकीय फितीच्या स्वतंत्र पट्टीवर नोंदले जाते. या पट्ट्या कोणत्या प्रमाणात एकत्र करावयाच्या हे ठरविणे म्हणजे ध्वनिमिश्रण. श्रोता ऐकतो तो या मिश्रणाचा परिणाम; सुट्या पट्ट्या हा केवळ कच्चा माल. 1983 च्या ‘एलिमिनेटर’ या ध्वनिमुद्रिकेत याच त्रयीने कृत्रिम स्वरयंत्रे व यांत्रिक ताल वापरून अपूर्व यश मिळविले. त्या यशाच्या भरात 1987 मध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकांचा ‘सिक्स पॅक’ नावाचा संच कॉम्पॅक्ट डिस्कवर निघाला. त्यात ‘ट्रेस ओंब्रेस’चे मिश्रण नव्याने करण्यात आले होते. कोरड्या ड्रमवर नव्या दशकाचा घुमणारा कृत्रिम प्रतिध्वनी चढला. जुन्या पोथीत नव्या काळाची भाषा घुसडणाऱ्या लेखनिकाचे हे कृत्य, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की येथे लेखनिकास खुद्द मालकांची अनुमती होती.

निष्ठावंत श्रोत्यांस हा प्रक्षेप रुचला नाही. परंतु कॉम्पॅक्ट डिस्क ऐकणाऱ्यास दुसरा पाठच उपलब्ध नव्हता. मूळ मिश्रण ऐकावयाचे तर जुनी तबकडी किंवा जुनी कॅसेट जपणे, किंवा वापरलेल्या तबकड्यांच्या दुकानात ती धुंडाळणे, एवढेच मार्ग उरले. अखेर 2006 मध्ये मूळ मिश्रण कॉम्पॅक्ट डिस्कवर पुन्हा निघाले. मध्ये 19 वर्षे गेली. या काळात ज्याने घरातील ओरखडे पडलेली तबकडी टाकून दिली नाही, त्याने नकळत ग्रंथपालाचे काम केले. स्मृतिरंजनाचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. तारुण्याची आठवण जागविण्यास गीत पुरेसे असते; ड्रमचा प्रतिध्वनी किती आहे याची ती पृच्छा करीत नाही.

तथापि ‘मूळ’ हा शब्द जपून वापरावयास हवा. या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत लोकप्रिय गीत ‘ला ग्रेंज’ हे आहे. टेक्ससमधील त्या गावाबाहेर ‘चिकन रँच’ नावाचे वेश्यागृह होते. 1930 च्या दशकातील मंदीत गिऱ्हाईके रोख पैशांऐवजी कोंबड्या देत, त्यावरून हे नाव पडले. ह्यूस्टनच्या दूरचित्रवाणीवरील वार्ताहर मार्विन झिंडलर यांनी गवगवा केल्यावर ते 1 ऑगस्ट 1973 रोजी बंद पडले. म्हणजे ध्वनिमुद्रिका निघून आठवडाही झाला नव्हता. स्थळ नाहीसे झाले, आणि लोकांच्या जिभेवर त्याचे नाव राहिले ते मुख्यत्वे या गीतामुळे व 1978 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या एका संगीत नाटकामुळे.

गीताचे शब्द थोडे. भर आहे तो गिटारवरील आवर्तनावर आणि घशातून काढलेल्या हुंकारांवर. हे दोन्ही ज्याने जॉन ली हूकर यांचे 1948 मध्ये डेट्रॉइट येथे मुद्रित झालेले ‘बूगी चिलन’ ऐकले आहे त्याला ओळखीचे वाटतात. हूकरांच्या गीतात ड्रम नाही. एक विजेची गिटार, गायकाचा आवाज आणि जमिनीवर आपटणारा पाय, एवढाच संभार आहे. या साम्यावरून खटला उभा राहिला. तो हूकरांनी भरला नव्हता. ज्यांच्या देखरेखीखाली ते गीत मुद्रित झाले त्या बर्नार्ड बेसमन यांच्या प्रकाशनसंस्थेने भरला होता. 1995 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की तबकड्या विक्रीस आल्या तेव्हाच रचना प्रकाशित झाली. सबब 28 वर्षांची पहिली मुदत 1976 मध्ये संपली आणि नूतनीकरणाअभावी 1948 ची रचना सर्वांची झाली. या निर्णयाने संगीतप्रकाशकांत खळबळ उडाली. 1997 मध्ये अमेरिकेच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून 1978 पूर्वीची तबकड्यांची विक्री म्हणजे रचनेचे प्रकाशन नव्हे, असे ठरविले. प्रकाशन म्हणजे काय, या प्रश्नाची दोन वर्षांत दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली. यातील कोणताही वाद गिटार वाजविणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतास त्याच्या ठेक्याचे श्रेय किती, या प्रश्नाला भिडला नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच होता. 1987 च्या प्रक्षेपास नाकारणाऱ्या चोखंदळ कानांनी या अधिक जुन्या पाठाकडेही वळावयास हवे.

28 जुलै 2021 रोजी डस्टी हिल यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार वृंदाचे गिटार-तंत्रज्ञ एल्वुड फ्रान्सिस यांनी बास गिटार हाती घेतली आणि कार्यक्रम चालू राहिले. आज ‘ट्रेस ओंब्रेस’ प्रथमच ऐकणाऱ्या तरुणाच्या कानी बहुधा 1973 चेच मिश्रण पडते. त्यात कोरड्या ड्रमच्या बाजूस हिल यांची बास, घुमारा नसल्यामुळे, एकेक आघातासह वेगळी ऐकू येते.