यीस्ट आणि गर्भिणींचा रक्तक्षय : मुंबईतील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बिअर तयार होत असताना पिंपात साचणारे यीस्ट हे युरोपातील एक जुने घरगुती औषध होय. केस, त्वचा, नखे आणि अशक्तपणा या सर्वांवर गुणकारी म्हणून त्याच्या गोळ्या व भुकटी आजही विकली जाते. भारतीय परंपरेलाही हा पदार्थ अपरिचित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद व तांदूळ यांपासून 'किण्व' बनविण्याची कृती दिलेली आहे. तथापि, यीस्टच्या औषधी गुणाची एक निर्णायक कसोटी लागली ती विसाव्या शतकातील मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत आणि येथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या रुग्णशय्येपाशी. या संशोधनाच्या आधारे एका पारंपरिक औषधाचे सामर्थ्य कोठे होते आणि त्याची मर्यादा कोणती, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

परंपरा आणि बाजारपेठ

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश औषधसंहितेत बिअरचे यीस्ट, पीठ व कोमट पाणी यांपासून केलेल्या पोटिसाची नोंद आढळते. चिघळलेल्या जखमांवर ते बांधले जाई. करटे व मुरमे यांवर यीस्ट पोटात घेण्याचा प्रघातही होता. हे उपचार अनुभवावर आधारलेले होते. त्यांमागील कारण कोणास ठाऊक नव्हते.

१९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी 'मार्माइट'चे उत्पादन सुरू झाले. मद्यनिर्मितीतून उरणाऱ्या यीस्टमध्ये मीठ घातले असता त्याच्या पेशी स्वतःच्याच विकरांमुळे विघटित होतात. त्या द्रवाचा आटवून केलेला काळपट, खारट लगदा म्हणजे मार्माइट. टाकाऊ पदार्थाचे अशा रीतीने स्वस्त अन्न झाले. पुढे जीवनसत्त्वांची संकल्पना रूढ झाली आणि यीस्ट हे 'ब' जीवनसत्त्वांचे भांडार असल्याचे स्पष्ट झाले.

याच सुमारास अमेरिकेत दोन भिन्न प्रवाह दिसतात. फ्लाइशमन कंपनीने पाव फुगविण्याचे ताजे यीस्ट आरोग्य व नितळ कांतीसाठी रोज खावे, असा प्रचार चालविला. १९३०च्या दशकात तेथील फेडरल ट्रेड कमिशनने अशा दाव्यांस आक्षेप घेतला. जिवंत यीस्ट आतड्यातील थायमिन शरीरास मिळू देण्याऐवजी स्वतःच शोषून घेते, असेही १९४०च्या दशकातील संशोधनातून दिसून आले. दुसरीकडे जोसेफ गोल्डबर्गर यांनी मक्यावर जगणाऱ्या दक्षिणेतील गरिबांच्या पेलाग्रा या रोगावर मद्याचे वाळविलेले यीस्ट उपयुक्त असल्याचे दाखवून दिले. या रोगात त्वचा काळवंडते व सोलवटते. म्हणजे यीस्टने त्वचा सुधारते ही समजूत सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु ती खरी ठरत होती ती उपाशी माणसाच्या बाबतीत.

परळ येथील संशोधन

१९२०च्या दशकात मुंबईतील गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मोठ्या होत. अनेकदा रुग्ण दगावे. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या समस्येकडे लक्ष वेधले आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स (१८८८-१९६४) मुंबईस आल्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकून त्या पुढे वैद्यकाकडे वळल्या होत्या. परळची हाफकिन संस्था हे त्यांच्या कार्याचे केंद्र होते.

प्रारंभी त्यांनी जंतुसंसर्गाची शक्यता पडताळली. मात्र तसा पुरावा मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी शोध वळविला तो स्त्रियांच्या ताटाकडे. विल्स व तळपदे यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी करून १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. निकृष्ट आहार आणि हा रक्तक्षय यांचा संबंध त्यातून पुढे आला. तशाच आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या प्रयोगात उवांवाटे पसरणाऱ्या जंतुसंसर्गाने निष्कर्षांत घोटाळा झाला, म्हणून पुढील प्रयोग माकडांवर करण्यात आले. निकृष्ट आहाराने माकडांमध्येही मोठ्या पेशींचा रक्तक्षय उद्भवला आणि मार्माइट दिल्यावर तो सुधारला.

स्त्रियांवरील उपचारांतही हाच अनुभव आला. २० जून १९३१ रोजी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्स यांनी यीस्टच्या अर्काचा हा गुण जाहीर केला. यकृताच्या उपचारापेक्षा मार्माइट स्वस्त असल्याने गरीब रुग्णांच्या दृष्टीने हा शोध विशेष मोलाचा होता. याच दशकातील पुढच्या अभ्यासात त्यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद दाखविला. घातक पांडुरोगावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क या रक्तक्षयावर निष्प्रभ ठरत होता. अर्थात यीस्टमधील द्रव्य वेगळे होते. त्यास 'विल्स घटक' असे नाव पडले.

'विल्स घटक' ते फोलिक आम्ल

१९४१ मध्ये अमेरिकेत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकापासून एक द्रव्य वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास 'फोलिक आम्ल' म्हटले. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. तेथील संशोधनाची धुरा आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईच्या स्त्रियांना गुण आला तो यीस्टमधील याच फोलेट गटाच्या द्रव्यांमुळे, हे आता सर्वमान्य आहे. नव्या पेशी घडविण्यास फोलेट आवश्यक असते, म्हणून गरोदरपणी त्याची गरज वाढते. ते पालेभाज्यांत विपुल असले, तरी दीर्घकाळ शिजविल्याने बरेचसे नष्ट होते.

१९७० मध्ये भारत सरकारने गर्भवतींना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गर्भधारणेच्या सुमारास घेतलेले फोलिक आम्ल बालकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग टाळण्यास साहाय्यभूत ठरते, हे ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या अभ्यासाने सिद्ध केले.

मूल्यमापन

या इतिहासातून काही बाबी स्पष्ट होतात. यीस्टचा गुण हा घेणाऱ्याच्या आहारातील उणिवेशी निगडित आहे. जेथे उणीव होती तेथे त्याने प्राण वाचविले. जेथे ती नव्हती तेथे त्याच्या नावावर बहुधा केवळ जाहिरात झाली. नैसर्गिक यीस्टमध्ये ब-१२ जीवनसत्त्व नसते. ते वरून घालावे लागते. म्हणून प्रत्येक रक्तक्षयावर यीस्ट हा उतारा नव्हे. विल्स यांचे मोठेपण त्यांनी परंपरेस मान्यता दिली यात नाही, तर तिची कोणती बाजू खरी आणि कोणासाठी खरी, हे निश्चित केले यात आहे.

मात्र त्या यशास एक बोचरी किनार आहे. रोगाचे मूळ दारिद्र्यात असल्याचे १९३० च्या पाहणीनेच दाखविले होते. उपाय मिळाला तो बरणीतून व पुढे गोळीतून. ताट फारसे बदलले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत, लोहाची कमतरता त्यांत प्रमुख आहे; तरीही परळच्या प्रयोगशाळेने विचारलेला प्रश्न त्यामुळे जुना ठरत नाही.

समारोप

पिंपाच्या तळातील गाळापासून फोलिक आम्लाच्या गोळीपर्यंतचा हा प्रवास मुंबईतील गरीब स्त्रियांच्या रुग्णशय्येवरून गेला. वैद्यकाच्या इतिहासात लुसी विल्स यांचे नाव राहिले. ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर हे ज्ञान उभे राहिले त्या स्त्रिया मात्र अनामिक राहिल्या. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मुंबईच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहताना कामगारवस्तीतील अन्न आणि स्त्रियांचे आरोग्य या अंगांचाही साकल्याने विचार करणे अगत्याचे आहे.